‘अर्जंट आहे, लगेच टाका’ : पैसे मागणाऱ्या मेसेजला काय उत्तर द्यायचं

बार्शीत एसटी स्टँडच्या बाजूला माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, झेरॉक्स आणि पैसे पाठवणं. ज्यांच्या फोनमध्ये गुगल पे नाही, किंवा आहे पण वापरायची भीती वाटते, ती माणसं माझ्याकडे रोख देतात आणि म्हणतात, “अण्णा, ह्या नंबरला पाच हजार टाका.” म्हणजे फसवणारा आणि फसणारा यांच्या मधला शेवटचा माणूस बऱ्याचदा मीच असतो. त्यामुळे नोटा मोजायच्या आधी विचारायची सवय लागली आहे : कोणाला, कशाला, आणि ओळख कुठली? “फेसबुकवरची” असं उत्तर आलं की नोटा गल्ल्यात टाकत नाही, काउंटरवरच राहू देतो.

लोक विचारतात, समोरचा खरा का खोटा हे ओळखायचं कसं? माझं उत्तर असं की त्या भानगडीत पडूच नका. फोटो, आवाज, आधार कार्ड, पोलिसाचं ओळखपत्र, सगळं बनवता येतं. शिवाय त्याचा तो रोजचा धंदा आहे आणि तुम्ही पहिल्यांदाच त्यात सापडलाय. तुमच्या हातात एकच गोष्ट आहे : पैशाची वाट. ती बदलून बघा. तो म्हणाला क्यूआरवर टाका, तर तुम्ही म्हणा हॉस्पिटलच्या काउंटरला भरतो. तो म्हणाला आत्ताच्या आत्ता, तर तुम्ही म्हणा उद्या दहा वाजता. तो मेसेंजरवर लिहीत असेल, तर तुम्ही म्हणा थांब, फोन लावतो. खरी नड असलेला माणूस कुरकुरेल, पण ऐकेल, कारण त्याला पैसा पोचल्याशी मतलब आहे. फसवणाऱ्याला मात्र त्यानं आखलेली वाटच लागते. ती सोडली की तो चिडतो, रडतो, नाहीतर गायब होतो.

आता एकेक प्रकार घेऊ. सगळे सारख्याच तपशिलात सांगणार नाही. आमच्याकडे जे जास्त येतात त्यांवर जास्त बोलतो.

ओळखीचा चेहरा, अनोळखी हात

गावात सगळ्यात जास्त चालतो तो हा प्रकार. तुमच्या ओळखीचे कुणी निवृत्त मास्तर, डॉक्टर किंवा फौजदार असतात. त्यांच्या नावाची, त्यांच्याच फोटोची नवी फ्रेंड रिक्वेस्ट येते. तुम्हाला वाटतं जुनं खातं बंद पडलं असेल. ती घेतली की थोड्या वेळात मेसेंजरवर “कसे आहात?”, आणि लगेच “तुमचं फोन पे आहे का? एक काम होतं, संध्याकाळी परत करतो.” याचीच दुसरी तऱ्हा फर्निचरची. “माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, त्याची बदली झाली, सोफा, फ्रिज, एसी अगदी स्वस्तात देतोय, तुम्हाला फोन करेल.” मग त्या ‘मित्रा’चा फोन येतो, हिंदीत, फार अदबीनं. सामानाचे फोटो येतात आणि सामान ट्रकमध्ये चढवण्याआधी पैसे मागितले जातात. सोफा कुणाच्याच दारात उतरत नाही.

यात करायचं ते एवढंच : तुमच्या फोनमध्ये त्या माणसाचा जो जुना नंबर साठवलेला आहे, त्यावर साधा फोन लावा. मेसेंजरचा कॉल नको, त्यानं नव्यानं दिलेला नंबरही नको. नंबर नसेल तर त्यांच्या घरच्या कुणाला तरी विचारा. बार्शीसारख्या गावात दोन फोनमध्ये कुणाच्याही घरी पोचता येतं. मास्तरांना विचारायला लाज वाटते म्हणून लोक विचारत नाहीत आणि लाजेपायी पैसे पाठवून मोकळे होतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते इथं अक्षरशः खरं होतं.

आणि मास्तरांना कळवणं हेसुद्धा तुमचंच काम आहे, कारण त्यांना यातलं काही माहीत नसतं. त्यांनी आपल्या खऱ्या खात्यावर आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला “माझ्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका” असं टाकावं. तुम्ही त्या नकली प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबं दाबा, ‘रिपोर्ट प्रोफाइल’ निवडा आणि कुणाचं तरी रूप घेतलंय हे कारण द्या. पाच-दहा जणांना करायला सांगा. त्याआधी प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, कारण नाव आणि फोटो तो कधीही बदलू शकतो. तुमच्या स्वतःच्या नावानं असं होऊ नये म्हणून फेसबुकच्या सेटिंगमध्ये मित्रांची यादी ‘ओन्ली मी’ करून ठेवा. तुमचे मित्र कोण हे कळलं नाही तर तो हात कुणापुढे पसरणार?

व्हॉट्सअॅपवर गोष्ट जरा अवघड आहे. तिथं मेसेज खरोखरच मित्राच्या नंबरवरून येतो, कारण त्याचं खातंच कुणीतरी पळवलेलं असतं. “चुकून तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड गेलाय, जरा पाठवता का?” या एका वाक्यावर खाती जातात. मग गावच्या भजनी मंडळापासून दहावीच्या बॅचपर्यंत सगळ्या ग्रुपवर एकाच वेळी ‘अडचण’ पोचते. म्हणून नंबर बरोबर आहे एवढ्यावर पैसे पाठवू नका. फोन लावून बोला, आणि फेसबुकवर नसलेलं काहीतरी विचारा. आता आवाजाचीही नक्कल होते, त्यामुळे “तूच का?” असं विचारून भागत नाही. “मागच्या पंगतीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?” असलं काहीतरी विचारा. आणि आजच व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’, म्हणजे खात्याला स्वतःचा वेगळा पिन लावायची सोय, चालू करा. नाही जमलं तर कुठल्याही मोबाइलवाल्याकडून करून घ्या, त्याचे पैसे कुणी घेऊ नयेत.

आजारी लेकराचा फोटो

यावर जरा सविस्तर बोलतो, कारण इथं नुसतं ‘देऊ नका’ म्हणून भागत नाही.

बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. धाराशिव, लातूर, बीडकडून पेशंट येतात, आणि त्यांचे नातेवाईक आमच्याकडे रिचार्ज मारायला, झेरॉक्स काढायला थांबतात. खरी नड कशी दिसते ते त्यामुळे रोज बघायला मिळतं. त्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल असते. केस पेपरचा नंबर त्याला तोंडपाठ असतो. डॉक्टरनं काय सांगितलं हे तो नीट सांगू शकत नाही, पण कितव्या मजल्यावर कोणत्या खिडकीला पैसे भरायचे हे पक्कं माहीत असतं. पैशाचं बोलताना तो खाली बघतो.

इन्स्टाग्रामवरची पोस्ट नेमकी याच्या उलट. नाकात नळी घातलेलं बाळ, मागं रडकं संगीत, “फक्त ४८ तास”, खाली क्यूआर कोड. हॉस्पिटलचं नाव नसतं, आणि असलं तरी वॉर्ड नसतो. अशा पोस्टला मदत करावीशी वाटली तर हे करा :

हॉस्पिटलचं नाव, गाव, पेशंटचं पूर्ण नाव आणि भरती नंबर विचारा. मग त्यांनी दिलेला फोन न वापरता हॉस्पिटलचा नंबर स्वतः शोधा आणि लावा. सरकारी हॉस्पिटलात ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचं पद असतं, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी समाजसेवा विभागच आहे. त्यांना सांगा की या पेशंटच्या खात्यात पैसे भरायचे आहेत. पेशंटचा आजार ते फोनवर सांगणार नाहीत, सांगूही नये, पण पैसे कसे भरायचे हे सांगतील. मग हॉस्पिटलच्या खात्यावर, पेशंटचा नंबर घालून, पावती घेऊन भरा. पोस्ट टाकणाऱ्याला सांगा, “थेट हॉस्पिटलला भरतोय.” खरा बाप असेल तर हात जोडेल. बाकीचे म्हणतील, “साहेब, औषधं बाहेरून आणायची आहेत, इकडेच टाका.” बाहेरून औषध लागतं हे खरंही असतं. तेव्हा मेडिकल दुकानाचं नाव विचारा आणि बिल दुकानदाराला भरा. वाट बदलायची म्हणजे हेच.

फोटो खरा का हे बघायचं असेल तर स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये टाका. तेच बाळ तीन राज्यांत तीन नावांनी दिसलं तर विषय संपला. मात्र काही सापडलं नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही. आणि क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकायच्या आधी, बँकेत नोंदलेलं नाव दिसतं ते वाचा. पोस्ट पवारांच्या बाळाची आणि खातं कुठल्या तरी ‘एंटरप्रायझेस’चं, असं का, एवढा प्रश्न पडला तरी पुष्कळ झालं.

खरा पेशंट सापडला तर पैशाआधी त्याला दोन गोष्टी सांगा, त्यांची किंमत तुमच्या पाचशे रुपयांपेक्षा जास्त आहे. एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना. योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटायचं. दुसरं, धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खूप लोकांना हे ठाऊकच नसतं. फसवणाऱ्याला यातलं काही सांगितलं की त्याला अजिबात रस नसतो, हाही एक उपयोग.

लंडनचं पार्सल

हा प्रकार जुना झाला, पण माणसं अजून फसतात. परदेशातला डॉक्टर किंवा पायलट ओळख काढतो, दोन-तीन महिने गोड बोलतो, मग भेटवस्तू पाठवतो. दिल्ली विमानतळावर ती ‘अडकते’. कस्टममधून बाई फोन करते : इतके हजार भरा, नाहीतर केस होईल. कस्टम खातं कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा वैयक्तिक यूपीआयवर ड्युटी घेत नाही. त्यांच्या पत्रावर ‘डिन’ म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या, वेबसाइटवर तपासता येतो. हे पैसे मी पाठवत नाही, कुणी कितीही भांडलं तरी. पैसे पाठवायला आलेल्या काकू चार दिवस बोलत नाहीत, मग बोलतात.

“चुकून तुमच्याकडे आले, परत पाठवा”

फोन येतो : “मी तुमच्या यजमानांचा मित्र, त्यांचे दोन हजार द्यायचे होते, एक शून्य जास्त पडला, वीस हजार गेले. अठरा परत करा, दवाखान्यात आहे.” मोबाइलवर वीस हजार जमा झाल्याचा मेसेजही येतो. हा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आलेला असतो. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावानं येतो. तरीही मेसेज बघत बसू नका, बँकेच्या अॅपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक बघा. शिल्लक वाढली नसेल तर परत काय पाठवायचं?

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करून घ्या. शिल्लक बघायची वेळ सोडली तर पिन टाकला की पैसे जातातच. समोरच्यानं ‘पैसे मागण्याची’ रिक्वेस्ट पाठवून फसवायचा प्रकार होता, त्या माणसा-माणसांतल्या रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या. क्यूआर स्कॅन करायला लावायची युक्ती मात्र चालूच आहे.

आणि समजा पैसे खरंच आले तर? तर ते आणखी वाईट. अनोळखी माणसाचे पैसे तुमच्या खात्यात आले आणि तुम्ही ते त्यानं सांगितलेल्या तिसऱ्याच नंबरवर पाठवले, तर चोरीच्या पैशाच्या साखळीत तुमचं नाव आलं. बँकेत जा, लेखी अर्ज द्या, ज्या खात्यातून आले तिथंच बँकेमार्फत परत जाऊ द्या. आमच्या लाइनीतल्या एका दुकानदारानं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या पोराचे असे पैसे आपल्या खात्यावर घेतले आणि त्याला रोख काढून दिले. परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली आणि त्याचं खातं गोठलं. मालाचे पैसे, घराचा हप्ता, सगळं अडकलं. कमिशन मिळालं होतं चहापाण्यापुरतं. कॉलेजच्या पोरांना “तुझं खातं वापरायला दे, महिन्याला इतके देतो” असं इन्स्टावर कुणी सांगत असेल तर तोही हाच धंदा आहे, फक्त फसवणारा तिथं तुम्हालाच पुढं करतोय.

धमकी

रात्री अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, दहा सेकंदांत कट होतो, आणि मग तुमचा चेहरा चिकटवलेला घाणेरडा व्हिडिओ येतो : पैसे टाक, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. माझ्याकडे या बाबतीत पोरं येतात तशी साठीतली माणसंही येतात, दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर उभी असतात. त्यांना पहिलं सांगतो ते हे : एक रुपयाही टाकू नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. चॅट पुसू नका, लाजेनं पुसून टाकलंत तर तक्रारीला काय दाखवाल? स्क्रीनशॉट, नंबर, प्रोफाइलची लिंक घ्या, मग ब्लॉक करा. घरातल्या एका माणसाला सांगा. हे सगळ्यात जड काम आहे, पण ते केलं की धमकीत दम उरत नाही.

व्हिडिओ कॉलवर पोलीस, सीबीआय येऊन ‘डिजिटल अरेस्ट’ करतात तेही तसंच. भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. फोन ठेवा आणि जवळच्या ठाण्यात जा. पोलिसांपासून पळायचं नाही, उलट खऱ्या पोलिसांकडे जायचं.

नाही कसं म्हणायचं

लांबलचक कारणं देऊ नका. प्रत्येक कारणावर त्याच्याकडे उत्तर तयार असतं. “पैशाचे व्यवहार मी मुलीला विचारून करते, ती संध्याकाळी येईल” हे वाक्य फार उपयोगी आहे. त्यात अपमान नाही, आणि वेळ मिळतो. “दुकानात येऊन घेऊन जा” हेही चांगलं. अगदी अनोळखी असेल तर उत्तर देण्याचीच गरज नाही. शिव्या घालू नका, मजा म्हणून खेळवतही बसू नका. तुमचा नंबर चालू आहे आणि तुम्ही बोलता, एवढी माहितीही त्याला पुरते. ज्या फोन-मेसेजवर संशय आहे पण पैसे गेलेले नाहीत, त्याची तक्रार सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवरच्या ‘चक्षू’ या भागात करता येते.

पैसे गेले असतील तर

आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. नातेवाइकांना, मला, बँक मॅनेजरला नंतर. लागला नाही तर लावत राहा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला लावा. गेलेला पैसा एका खात्यात थांबत नाही, तिथून पुढं, मग आणखी पुढं सरकतो आणि शेवटी एटीएममधून निघतो. वाटेत जेवढा सापडेल तेवढाच अडवता येतो. म्हणून संध्याकाळी मुलगा आल्यावर बघू असं करू नका.

फोन लावताना हे जवळ ठेवा : किती पैसे, किती वाजता, तुमची बँक, त्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. अॅपमध्ये तो व्यवहार उघडला की खाली दिसतो. तक्रारीचा नंबर मेसेजवर येतो. तो कागदावर उतरवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची राहिलेली माहिती भरा. बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते असं लोक सांगतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. पिन तुम्ही स्वतः टाकला असेल तर त्याच्या भरवशावर बसू नका.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आणखी एक फोन येईल, त्याची तयारी ठेवा. “सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा.” कधी तो वकील असतो, कधी ‘रिकव्हरी एजंट’, आणि तुमची रक्कम त्याला रुपयापर्यंत ठाऊक असते, कारण बऱ्याचदा तो तोच असतो किंवा त्याच्याकडून यादी घेतलेला. गोठवलेला पैसा परत मिळायला फी लागत नाही. त्यासाठी तुमच्याच तक्रारीच्या नंबरवर पोलिसांकडे पाठपुरावा करायचा असतो, आणि बऱ्याच वेळा कोर्टाचा आदेश लागतो. त्यासाठी तो शिक्क्याचा अर्ज आणि तक्रारीचा नंबर यांची एक झेरॉक्स काढून घरच्या फाइलला लावा.